क्रेमलिनमध्ये कुणाचा कुणावर भरवसा?

साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय घडामोडी शिकवताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: पुतिन यांच्या भोवतीची माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली असताना ती सत्ता कोसळत कशी नाही? वर्गात याचे उत्तर दोन वाक्यांत आटोपावे लागते, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे. माझे मत आधीच सांगतो. त्या गोटातला परस्परांवरचा अविश्वास म्हणजे राजवटीला लागलेली कीड, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती राजवट त्या अविश्वासाच्याच आधाराने उभी आहे, आणि त्याची किंमत खंदकातला शिपाई मोजतो.

युक्रेनवरचे युद्ध सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, २१ फेब्रुवारी २०२२ रोजी, क्रेमलिनमधल्या खांबांच्या भव्य दालनात सुरक्षा परिषदेची बैठक झाली आणि ती दूरचित्रवाणीवरून देशाला दाखवण्यात आली. पुतिन एकटे मेजामागे बसले होते, बाकीचे बऱ्याच अंतरावर खुर्च्यांवर होते आणि एकेकाला पुढे बोलावून मत विचारले जात होते. परदेशी गुप्तचर यंत्रणेचे प्रमुख सर्गेई नारिश्किन यांची पाळी आली तेव्हा ते अडखळले. स्पष्ट बोला, असे पुतिन यांनी त्यांना पुनःपुन्हा बजावले, आणि गोंधळलेल्या नारिश्किन यांनी पूर्व युक्रेनमधले डोनेत्स्क व लुहान्स्क हे प्रदेश रशियात सामील करून घेण्यास पाठिंबा असल्याचे सांगून टाकले. आपण त्याविषयी बोलतच नाही, प्रश्न फक्त त्यांना स्वतंत्र म्हणून मान्यता देण्याचा आहे, असे पुतिन यांनी सुनावले. देशाचा हेरप्रमुख सर्वांसमक्ष शाळकरी मुलासारखा उभा होता. ही बैठक निर्णयासाठी नव्हतीच, उद्या कुणी हात झटकू नयेत म्हणून प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर त्या निर्णयात ओढून घेण्यासाठी होती, असे मला वाटते.

युद्ध हवे की नको, यावरून त्या वर्तुळात उघड फूट पडली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तसे फारसे घडले नाही. पुतिन यांचे विशेष प्रतिनिधी अनातोली चुबाइस मार्च २०२२ मध्ये पद सोडून गुपचूप देशाबाहेर गेले. बँकमालक ओलेग तिंकोव यांनी युद्धावर जाहीर टीका केली आणि बँकेतला आपला हिस्सा मातीमोल भावाने विकावा लागल्याचे नंतर सांगितले. पुतिन यांच्या कार्यालयाचे उपप्रमुख दिमित्री कोझाक यांनी युक्रेनशी समझोत्याचा मसुदा तयार केला होता, पण तो फेटाळला गेला, असे वृत्त रॉयटर्सने २०२२ मध्ये दिले आणि क्रेमलिनने त्याचा इन्कार केला. कोझाक पदावरून गेले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. ज्यांना पटले नाही ते एकेकटे बाजूला झाले, दोघे मिळून कधीच नाही. कारण उघड आहे: दुसऱ्याजवळ मन मोकळे करायचे तर तो ते वर पोहोचवणार नाही, याची खात्री हवी, आणि नेमकी तीच तेथे कुणाला नाही.

खरी भांडणे झाली ती दारूगोळा, पैसा आणि अपयशाचे खापर यांवरून. येवगेनी प्रिगोझिन यांचे प्रकरण त्यातले सर्वांत बोलके. त्यांच्या वॅग्नर या खासगी फौजेने तुरुंगातले कैदी भरती करून युक्रेनमधल्या बाख्मुत शहराच्या लढाईत उतरवले. तेथे आपली सुमारे २० हजार माणसे मेली, असे प्रिगोझिन यांनीच मे २०२३ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात त्यांनी रात्रीच्या अंधारात प्रेतांच्या रांगांपुढे उभे राहून संरक्षणमंत्री शोइगू आणि लष्करप्रमुख गेरासिमोव यांना नावानिशी शिव्या घातल्या आणि दारूगोळा कुठे आहे, असा जाब विचारला. जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने सर्व स्वयंसेवी तुकड्यांनी १ जुलैपर्यंत मंत्रालयाबरोबरच्या करारावर सह्या कराव्यात, असा आदेश काढला. वॅग्नर हातातून जाणार हे दिसताच २३ जूनच्या रात्री बंड सुरू झाले.

या बंडातला एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. लष्करी गुप्तचर खात्याचे उपप्रमुख जनरल व्लादिमीर अलेक्सेयेव यांनी त्या रात्री चित्रफीत काढून, हा देशाच्या पाठीत वार आहे, असे बंडखोरांना ठणकावले होते. सकाळी दक्षिण रशियातल्या रोस्तोव शहरातील लष्करी मुख्यालयात प्रिगोझिन त्यांच्याच शेजारी बसलेले दिसतात. आम्हाला शोइगू आणि गेरासिमोव हवेत, असे प्रिगोझिन म्हणतात, आणि अलेक्सेयेव हसून हात उडवत म्हणतात, घेऊन जा! काही तासांपूर्वी देशद्रोहाची भाषा करणारा सेनाधिकारी आपल्या मंत्र्याविषयी आणि लष्करप्रमुखाविषयी कॅमेऱ्यासमोर असे बोलतो, हे मला शंभर विश्लेषणांहून मोलाचे वाटते.

वॅग्नरचे ताफे मॉस्कोपासून सुमारे २०० किलोमीटरपर्यंत पोहोचले. हवाई दलाची विमाने, हेलिकॉप्टर पाडली गेली, वैमानिक मेले. पण जमिनीवर त्यांना अडवायला फारसे कुणी आले नाही, आणि त्यांच्या बाजूनेही कुणी मोठा माणूस उभा राहिला नाही. जो तो पारडे कुठे झुकते ते पाहत थांबला. अखेर बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेंको यांनी मध्यस्थी केली, बंडखोरांना अभय मिळाले आणि २९ जूनला पुतिन यांनी प्रिगोझिन व वॅग्नरच्या कमांडरांची क्रेमलिनमध्ये भेटही घेतली. २३ ऑगस्टला, बंडाला बरोबर दोन महिने होताना, प्रिगोझिन यांचे विमान त्वेर प्रांतात कोसळले आणि आतले दहाही जण ठार झाले. क्रेमलिनने आपला हात असल्याचे नाकारले. बंडखोरांशी संधान असल्याचा संशय ज्यांच्यावर होता ते जनरल सुरोविकिन त्याच ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या प्रमुखपदावरून गेले.

साताऱ्यात बसून हे वाचताना गुजरातेतल्या डभईच्या लढाईची आठवण होतेच. १७३१ मध्ये सेनापती त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांविरुद्ध उभे राहिले आणि लढाईत मारले गेले. तरी शाहू महाराजांनी सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात, यशवंतरावांकडे ठेवले. दरबारी हेवेदावे आपल्याकडे काही कमी नव्हते. पण छत्रपतींच्या शब्दावर विसंबून घरी परतता येते, एवढा विश्वास तरी त्या पराभूत घराण्याला देण्यात आला होता. क्रेमलिनने जून २०२३ मध्ये दिलेल्या अभयाचे मोल काय, हे तिथल्या प्रत्येक अधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये पाहिले.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते मेजर जनरल इवान पोपोव यांचे प्रकरण. माझे वडील फौजेत होते आणि आमच्याच तालुक्यातल्या आपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जवान परत आले नाहीत, त्यामुळे अधिकाऱ्याने आपल्या शिपायांसाठी तोंड उघडणे म्हणजे काय, हे मला वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. पोपोव दक्षिण युक्रेनमधल्या झापोरिझ्झिया आघाडीवर ५८व्या सैन्याचे प्रमुख होते. शत्रूच्या तोफांचा ठावठिकाणा शोधण्याची साधने नाहीत आणि त्यामुळे माणसे मरत आहेत, हे त्यांनी वरिष्ठांना सांगितले. जुलै २०२३ मध्ये त्यांना हटवण्यात आले. शत्रूला आमची फळी समोरून फोडता आली नाही, पण आमच्याच वरिष्ठाने मागून घाव घातला, अशा आशयाचा त्यांचा ध्वनिसंदेश एका खासदाराने प्रसिद्ध केला. मे २०२४ मध्ये पोपोव यांना तटबंदीच्या लोखंडी साहित्यातील अफरातफरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. आरोप खरा की खोटा, हे साताऱ्यातून ठरवता येणार नाही. पण हा निकाल पाहिल्यावर वरिष्ठांकडे खरी परिस्थिती कळवण्याचे धाडस पुढचा सेनानी करील काय?

संरक्षण मंत्रालयातली अटकसत्रे याच प्रकाशात पाहावीत. एप्रिल २०२४ मध्ये उपमंत्री तिमूर इवानोव यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी १३ वर्षांची शिक्षा लागली. त्यांच्यामागोमाग मनुष्यबळ विभागाचे प्रमुख युरी कुझ्नेत्सोव, उपलष्करप्रमुख वादिम शामारिन आणि माजी उपमंत्री दिमित्री बुल्गाकोव हेही तुरुंगात गेले. हे ज्यांच्या हाताखाली काम करत होते ते शोइगू मात्र सुरक्षा परिषदेचे सचिव झाले आणि त्यांच्या जागी बेलोउसोव हे अर्थतज्ज्ञ आले. भ्रष्टाचार होता, यात मला शंका नाही. पण तो वर्षानुवर्षे माहीत होता, आणि प्रत्येकाची फाइल कपाटात तयार ठेवायची व गरज पडेल तेव्हा बाहेर काढायची, ही तिथली जुनी रीत आहे.

पैशाच्या आघाडीवरही तेच चित्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या तिथल्या समकक्ष बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला, त्या सुमारास शस्त्रनिर्मिती करणाऱ्या रोस्तेकचे प्रमुख चेमेझोव यांनी, अशा व्याजाने बहुतेक उद्योग दिवाळखोर होतील, असे जाहीरपणे म्हटले. त्याच्या महिनाभर आधी वाइल्डबेरीज या ऑनलाइन विक्री कंपनीच्या ताब्यावरून मॉस्कोत, क्रेमलिनपासून थोड्याच अंतरावर, गोळीबार होऊन दोघे ठार झाले होते. एका बाजूला चेचन्या या रशियन प्रजासत्ताकाचे प्रमुख कादिरोव यांचा पाठिंबा होता. त्यांनी पुढे दुसऱ्या बाजूचे मानले जाणारे सिनेटर सुलेमान केरिमोव यांच्याविरुद्ध रक्ताचा सूड जाहीर केला. पुतिन यांनी यांपैकी कुणालाही संपवले नाही, कारण भांडणारे दोघेही न्याय मागायला शेवटी त्यांच्याच दारात येतात.

युक्रेनच्या सीमेवरच्या कुर्स्क या रशियन प्रांतात या सगळ्याची किंमत लोकांनी मोजली. सीमेवर तटबंदी बांधण्यासाठी अब्जावधी रुबल मंजूर झाले होते, तरी ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनचे सैन्य सीमा ओलांडून आत आले आणि लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. तटबंदीच्या पैशाच्या अपहारप्रकरणी माजी गव्हर्नर अलेक्सेई स्मिर्नोव यांना एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली. त्यांच्या आधीचे गव्हर्नर रोमान स्तारोवोइत तोवर वाहतूकमंत्री झाले होते. ७ जुलै २०२५ रोजी पुतिन यांनी त्यांना पदावरून काढले, आणि त्याच दिवशी मॉस्कोजवळ गोळी लागलेल्या अवस्थेत त्यांचा मृतदेह सापडला. तपास यंत्रणेने आत्महत्येची शक्यता वर्तवली.