सीमाभागाचा अभ्यास करायला सांगलीत येताय? मग जतला जा

विद्यापीठात व्हिजिटिंग स्कॉलरची जागा मिळाली की लोक अभिनंदन करतात आणि लगेच विचारतात, पगार किती? बहुतेक ठिकाणी मिळतं ते एक टेबल, ग्रंथालयाचं कार्ड, विद्यापीठाचा ई-मेल आणि अधूनमधून एखादं व्याख्यान. फिरतीचा खर्च कोण देणार, हे पत्र हातात पडायच्या आधी विचारून घ्या. नंतर विचारायला संकोच वाटतो, आणि विचारलं तरी उत्तर येत नाही. माझा विषय दोन राज्यांच्या हद्दीवरचं सार्वजनिक धोरण, म्हणून कृष्णा, आणि कृष्णा म्हणजे सांगलीचा पूर, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

रेल्वेने येणार असाल तर मिरजेला उतरा. गाड्या जास्त आहेत आणि म्हैसाळ आणि हद्दीपलीकडच्या, कर्नाटकातल्या कागवाडकडे तिथूनच जायचं असतं.

आयर्विन पूल बघावाच लागतो. 1929 सालचा हा पूल म्हणजे सांगलीची मोजपट्टी. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे रिक्षावालाही न विचारता सांगतो. पुढचा विषय अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचंच खाली कर्नाटकात असलेलं धरण, हेही ठरलेलं. धरणाची उंची आज समुद्रसपाटीपासून 519.6 मीटर. दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाने 2010 मध्ये 524.256 मीटरला मान्यता दिली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकल्याने निवाडा राजपत्रात आलेला नाही. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने महापुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. हे वाक्य सांगलीत चहाच्या टपरीवर जरा जपून उच्चारा.

कागदपत्रांसाठी वारणालीतलं पाटबंधारे खात्याचं कार्यालय गाठा. विद्यापीठाचं पत्र मराठीत घ्या, दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. त्या शिक्क्याशिवाय पुढच्या टेबलावरचा माणूस मान वर करत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा झाला तर दोन्ही राज्यांत वेगवेगळा करावा लागतो, आणि दोन्हीकडे नियम सारखाच: एक विषय, 150 शब्द. नदी एकच असली तरी.

मिरजेहून कागवाड जवळ आहे, जरूर जा. तिथे अथणीच्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. कंडक्टर आला, दोघींनी आधार कार्डं पुढे केली. धाकटीचं सासर कागवाडातच, तिला शक्ती योजनेत फुकट तिकीट मिळालं. थोरली म्हैसाळला दिलेली, कार्डावर पत्ता महाराष्ट्राचा, तिने पैसे मोजले. "आमच्या एस्टीत अर्धं तरी असतंय," ती बहिणीला म्हणाली, आणि धाकटीने लगेच, "अर्धंच ना!" 2023 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने बायकांना एस्टीत निम्मं तिकीट केलं, जूनमध्ये कर्नाटकाने प्रवास मोफत केला. दोन सरकारांची तुलना करणारे शोधनिबंध आपण लिहितो. इथे ती रोज तिकिटागणिक होते.

खरा मुक्काम मात्र जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या जतला टाका. पुरासाठी पत्रकार, अभ्यासक, समित्या सगळे येतात, पूर्व जतमध्ये फारसं कुणी फिरकत नाही. उमदी, संख या भागातून कर्नाटकातलं विजयपूर सांगलीपेक्षा जवळ. बाजार, दवाखाना, सोयरीक पलीकडे, सातबारा आणि तहसील अलीकडे. कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळाही आहेत. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या चाळीसेक गावांचा कर्नाटकात जाण्याचा जुना ठराव बाहेर काढला आणि मुंबईत धावपळ उडाली. हा ठराव मुळात पाण्यासाठी होता. म्हैसाळला कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवतात, ते या टोकाच्या गावांना पोचलं नव्हतं. तिकडे हद्दीपलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी डोळ्यांना दिसत होतं. बातम्यांनंतर विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "ठराव केला नसता तर मुंबईवरनं कोण आलं असतं इकडं?"

माझ्या मते सगळा विषय या एका प्रश्नात आहे. आपण सीमावाद भाषेच्या चष्म्यातून वाचतो. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला महाराष्ट्राचा सीमेचा दावाही तसाच वाचतो. इथल्या माणसाला मात्र सीमा हे सरकारला हलवायचं एक हत्यार सापडलं आहे, आणि ते तो बेताने वापरतो. "तुम्हाला कर्नाटकात जायचंय का?" असं थेट विचारलंत तर पाहिजे तसं उत्तर मिळेल, पण ते खरं नसेल. टँकर कधी येतो, मूल कुठल्या शाळेत, बियाणं कुठून आणता, असं विचारा.

सोबत कन्नड बोलणारा माणूस हवाच. तो गावातलाच असू द्या, सरकारी नोकर नको, नाहीतर लोक मागण्यांची यादी वाचायला लागतात. पाण्याची अवस्था बघायची तर एप्रिल-मे, पण दुपारी बारानंतर कुणी भेटत नाही. सकाळी सातला निघा. जेवायची चिंता करू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुठेही मिळते. जतला साधे लॉज आहेत. पूर्वेकडच्या गावांतून परतीची शेवटची गाडी आदल्या दिवशीच स्टँडवर विचारून ठेवा, आणि ती चुकलीच तर विजयपूरकडे जाणारी मिळते का बघा.