मोगरा, वाळा आणि दोनशे अंश

तुळशीबागेत गंगावन मागितलं तर दुकानदार म्हणाला, "लग्न कुणाचंय ताई?" आता त्याला काय सांगणार, की हे घरी नेऊन मी स्ट्रेटनरखाली घालणार आहे! पहिलं गंगावन कृत्रिम धाग्याचं निघालं. १८० अंशांना वितळून प्लेटलाच चिकटलं. अर्धा तास खरवडत बसले. दुसरं खऱ्या केसांचं घेतलं, तेव्हा बऱ्यापैकी पैसे मोजावे लागले.

हा सगळा उद्योग मामेबहिणीमुळे. केस सरळ करण्याआधी मारायचा, मी बनवलेला मोगऱ्याचा स्प्रे तिला दिला होता. तिचा फोन: "ताई, बाटलीत मोगरा आहे गं, केसांत नुसता तापलेल्या केसांचा वास येतो."

खरंच होतं तिचं. मी वास कागदाच्या पट्टीवर घेऊन बघितला होता, तोही पंख्याखाली. मोगऱ्याचा गोडवा ज्यातून येतो ते लिनालूल १९८ अंशांना उकळतं, बेन्झाइल ॲसिटेट साधारण २१२ला. वर लिंबाचा थेंब टाकलेला, त्यातलं लिमोनीन १७६ला. आणि वास उडायला उकळी फुटावी लागत नाही, ऊब पुरते. स्ट्रेटनरच्या एका फेरीत सगळं हवेत.

आधी वाटलं, सुगंध वाढवावा. अर्ध्या टक्क्याचा एक केला, तर स्प्रे ताकासारखा गढूळ! तेल पाण्यात मिसळवणारं पॉलिसॉर्बेट वाढवून तो नितळ झाला, पण केस चिकट झाले. मग वाळ्याचं तेल घातलं. ते जड, टिकलं मस्त. पण दिवसभर डोक्यावर माठ घेऊन फिरतेय असं वाटायचं.

शेवटी मोगऱ्याला खालून हेडिओन या सुगंधी रसायनाचा टेकू दिला. त्याचा वास जाईजुईच्या जवळचा, हलका, आणि उत्कलनबिंदू तीनशेच्या पुढे. वाळा नावापुरता ठेवला. २२० अंशांना केसच करपायला लागतात, तो वास मात्र कशानेही झाकला जात नाही आणि मी झाकणारही नाही.

काल गंगावनाच्या चार बटा स्प्रे मारून, पूर्ण वाळवून, १८०वर एकेक फेरी दिली आणि चिमट्यांनी हँगरला टांगून कपाटात ठेवल्या. सकाळी आईची किंकाळी, "अगं, कुणाचे केस आहेत हे?"

मग जरा थांबून, "तिसऱ्याला जुईचा वास येतोय."

तिसरी बट हेडिओनचीच होती.