हशा थांबला ती जागा

आज पाहिलेल्या विनोदी नाटकाच्या दुसऱ्या अंकातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्याचे वडील नुकतेच गेले आहेत अशा मित्राच्या घरी तिघेजण भेटायला येतात, आणि काय बोलावे हे एकालाही सुचत नसल्यामुळे तिघेही गळक्या नळामागे लागतात. एकमेकांच्या हातातून पाना ओढून घेणे, वायसर कोणता लागेल यावर तावातावाने वाद घालणे, आणि या साऱ्या जाणकारीच्या नादात मुख्य चावी बंद करायलाच विसरणे, असा तो गोंधळ वाढत गेला आणि प्रेक्षागृह हशाने दणाणून गेले. मग मित्र इतकेच म्हणाला, "तो नळ बाबा रविवारी दुरुस्त करणार होते."

पुरुषी तोऱ्याची टर उडवणे रंगभूमीला नवे नाही. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी रोमन नाटककार प्लाउटसने बढाईखोर सैनिक रंगमंचावर आणला, आणि इटलीतल्या कोमेदिया देल्लार्ते या जुन्या विनोदी नाट्यप्रकारातला, शौर्याच्या गप्पा मारून संकट दिसताच पळ काढणारा कॅपितानो त्याच वंशातला. या परंपरेत मला एक अडचण जाणवते. तिथे आपण त्या माणसाच्या भित्रेपणाला हसतो, आणि पुरुषाने भिऊ नये हा दंडक हसता हसता अधिकच पक्का करतो. आजचा पहिला अंकही त्याच वाटेने गेला; डोळ्यांसमोरची वस्तू न सापडणारा नवरा, चुकला तरी रस्ता न विचारणारा चालक, अशा ठरीव विनोदांवर वसूल केलेले हशे मला उथळ वाटले. नळाच्या प्रसंगातली माणसे मात्र भित्री नव्हती. त्यांना लहानपणापासून जी भाषा शिकवली गेली तिच्यात शोकासाठी शब्दच नव्हता, आणि म्हणून पाना हेच त्यांचे सांत्वन झाले.

माझे वडील गेले त्या आठवड्यात मी त्यांची कागदपत्रे तारखांप्रमाणे लावत बसलो होतो. किती खंबीर आहे, असे सगळे म्हणाले, आणि मलाही तेव्हा ते खरे वाटले.

मित्राच्या त्या वाक्यानंतर पाना धरलेला नट बराच वेळ हलला नाही. पुढचा विनोद घाईने टाकून ती शांतता भरून काढण्याचा मोह त्याने टाळला, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो. तोवर सर्वांत मोठ्याने हसणारे माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि थेंब पडण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.