आप्रवासी घाट, पोर्ट लुई: बीचमधून अर्धा दिवस काढाच

मॉरिशसच्या टूरमध्ये आप्रवासी घाट असलाच तर 'फोटो काढा आणि बसा' एवढाच असतो. तेवढ्यात हाती काही लागत नाही, कारण उरलंयच थोडं. बोटीनं आलेल्या मजुरांना उतरवून घ्यायच्या १८४९च्या डेपोचा निम्म्याहून जास्त भाग गेला, अगदी बाजूनं हायवे धावतो. म्हणून आधी आवारालगतच्या जुन्या दगडी गोदामातलं माहिती केंद्र बघा, मगच घाटावर उतरा.

गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. १८३४पासून जवळजवळ पाच लाख हिंदुस्थानी मजूर करारावर या बेटावर आले. बहुतेक बिहार आणि मद्रासकडचे, पण मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली माणसंही होती. बोटीतून उतरून पायऱ्या चढायच्या, डेपोत दोनेक दिवस थांबायचं, मग मळा. पायऱ्या आजही आहेत, आपल्या गडांवर असतो तसल्याच काळ्या दगडाच्या. आम्ही मात्र जास्त रेंगाळलो ते इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या आणि संडासांच्या अवशेषांपाशी. एवढ्या माणसांची रोजची सोय कशी लावली असेल, ते तिथं दिसतं. या जागेला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

पण माझ्या मते खरा ठेवा दगडात नाही, कागदात आहे. प्रत्येक मजुराला नंबर मिळे. नोंदवहीत बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूणसुद्धा लिहीत. पुढे फोटोही काढू लागले. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. घरातलं कुणी तिकडे गेल्याची कुजबुज असेल तर नाव, अंदाजे साल, जमल्यास जहाजाचं नाव घेऊन आधी पत्रव्यवहार करा, थेट जाऊन थडकू नका. नुसत्या आडनावावर शोधू नका. तिथं अनेकांच्या बापाचं किंवा स्वतःचं नावच आडनाव होऊन बसलंय.

प्रवेश फुकट आहे. रविवार टाळा, शनिवारी सकाळीच जा. २ नोव्हेंबरला, मजुरांच्या आगमनाच्या दिवशी, इथं सरकारी कार्यक्रम असतो. त्या दिवशी शांतपणे बघायची आशा नको. गणेश चतुर्थीलाही देशभर सुट्टी असते. आवार उघडं आहे, टोपी आणि पाणी हवंच. कॉडन या बंदरकाठच्या बाजारपेठेतून चालत येता येतं आणि परतीच्या वाटेवर बाजारात ढोलपुरी, म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, मिळते. ती उभ्यानंच खायची, मिरचीची चटणी जपून.