उजनीवर माशी कुठे शिंकली

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे चारला सोलापूर सोडलं. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दाजींनी दिलेला नऊ फुटी फ्लाय रॉड, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीनं मासे धरायची लवचिक काठी. टेंभुर्णीत चहा घेतला आणि उजाडता उजाडता उजनीच्या काठावर पोचलो.

साध्या गळाला शिसं असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथं गळावरची पिसांची माशी अगदीच हलकी. तिला दोरीचं वजन नेतं आणि रॉडलाही तेच वाकवतं. माझा रॉड काही वाकेना! तासभर फेकलं, दोरी दहा-बारा फुटांवर ढीग होऊन पडायची. जोर लावला की मागच्या वेड्या बाभळीत. होडीतून जाळं काढणारा एकजण ओरडला, "काय मालक, माशा मारालाव का?"

रॉडवर ७ आकडा, म्हणजे त्याला ७ नंबर वजनाची दोरी लागते; ऑनलाइन मागवलेल्या दोरीच्या खोक्यावरही ७. मग चुकलं कुठं? सोमवारी ओळखीच्या सराफाकडं गेलो. दोरीचा नंबर पुढच्या ३० फुटांच्या वजनावर ठरतो, अगदी टोकाचा सारख्या जाडीचा तुकडा सोडून. तेवढं मोजून शाईची खूण केली, वेटोळं ताटलीत ठेवलं, उरलेली दोरी ताटलीच्याच उंचीवर हातात सैल धरली. काटा ९.१ ग्रॅमवर थांबला. म्हणजे दोरी ५ नंबरची!

हिशेब ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनात असतो: ५ नंबर १४० ग्रेन (९.१ ग्रॅम), ६ नंबर १६० (१०.४), ७ नंबर १८५ (१२), ८ नंबर २१० (१३.६). जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ७ नंबरची दोरी तोळ्याहून जरा जड. सराफाला हे फार आवडलं, मजुरी घेतली नाही.

काट्यावर अर्धा नंबर जास्त भरला तर घाबरू नका, काही कंपन्या मुद्दाम जड बनवतात. दोन नंबर कमी मात्र चालत नाही. काठाजवळच, वीसेक फुटांत फेकणार असाल तर एक नंबर जड घ्या, कारण तेवढ्या अंतरात ३० फूट दोरी बाहेर येतच नाही.

पुढच्या रविवारी खरी ७ नंबरची दोरी नेली. रॉड मधोमध वाकला, दोरी सरळ सुटली, दोन चिलापी मिळाल्या, तळहाताएवढ्या. तसं चिलापीला ५ नंबरचा रॉडही भरपूर झाला.

जाणार असाल तर उजाडतानाच पोचा, दुपारी उघड्या पाण्यावर वारा सुटला की दोरी तोंडावर येते. टोपी आणि चष्मा विसरू नका, गळाचा काटा डोळ्याजवळून जातो. मासेमारीचा ठेका कुणाचा ते विचारून परवानगी घ्या. बाभळीकडं पाठ करून उभं राहू नका. काठाचा काळा गाळ वरून वाळलेला दिसतो, आत पाय घोट्यापर्यंत जातो. माझी एक चप्पल तिथंच आहे.

५ नंबरची दोरी घरी पडून आहे. दाजींकडं तिच्या मापाचा रॉड कसा मागावा, ते अजून सुचलेलं नाही.