डेट्रॉइटची वारी: वुडवर्ड, व्ही-एट आणि जपान्यांच्या कारखान्यातली मस्टँग

डेट्रॉइटवाल्यांना रस्त्यांची नावं सुचली नसावीत. पूर्व-पश्चिम जाणारे मोठे रस्ते सगळे मैलांच्या नावाने, एट माईल, नाईन माईल, टेन माईल, डाउनटाऊनपासून जेवढं वर जाल तेवढा आकडा मोठा. आणि ह्या सगळ्यांना तिरकं कापत थेट पाँटिअॅक गावापर्यंत जाते ती वुडवर्ड अॅव्हेन्यू. साठच्या दशकात इथे पोरं रात्री सिग्नल टू सिग्नल रेस लावायची, आणि नुसती पोरंच नाही, कार कंपन्यांचे इंजिनिअरही नवीन इंजिन गुपचूप इथेच पळवून बघायचे असं तिकडचे लोक हसत सांगतात. आता त्याच रस्त्यावर दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते. १९९५ मध्ये फर्नडेलच्या एका प्लंबरने गावातल्या सॉकर ग्राउंडसाठी पैसे जमवायला म्हणून सुरू केलेला कार्यक्रम, आता दहा लाखांच्या आसपास माणूस आणि चाळीसेक हजार जुन्या गाड्या. ह्याला जत्रा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं.

आम्ही शिकागोहून गेलो होतो. मित्र डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहतो, ऑटो इंडस्ट्रीतच आहे, मूळचा तळेगावचा, म्हणजे राहायची सोय आणि गाईड दोन्ही फुकट. मी मात्र हट्टाने फोर्डची मस्टँग ही स्पोर्ट्स गाडी भाड्याने घेतली. व्ही-एट (आठ सिलिंडरची) मागितली होती, मिळाली चार सिलिंडरची इकोबूस्ट, २.३ लिटर टर्बो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला "सेम कार सर", आता ह्याला काय बोलणार. पळते मात्र जबरदस्त, ३१५ हॉर्सपॉवर आहे, फक्त अॅक्सिलरेटर दाबला की आत जो आवाज येतो त्यातला काही इंजिनाचा आणि काही चक्क स्पीकरमधून सोडलेला. एक गोष्ट मात्र फार आवडली. समोर काटेबिटे काही नाहीत, सगळा स्क्रीनच, पण मेनूत शिरलं की १९८७ ते ९३ च्या फॉक्स बॉडी मस्टँगचे गोल मीटर निवडता येतात, अगदी तोच फॉन्ट, आणि हेडलाईट लावले की तो डिस्प्ले जुन्या गाडीसारखा हिरवा होतो. ज्या गाडीत काटे खरे होते तिची स्क्रीनवर नक्कल! वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या (गुडघे हनुवटीला लागलेले होते बिचाऱ्यांचे), "भावजी, हिरवे दिवे छान आहेत हो, पण पाय कुठे ठेवायचे तेवढं सांगा."

शुक्रवारी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमला गेलो. खूप मोठं आहे, रोझा पार्क्सची बस आहे, केनेडींची लिंकन गाडी आहे, पण मला बघायची होती सिरियल नंबर एकची मस्टँग, पांढरी, कन्व्हर्टिबल. हिची गोष्ट मस्त आहे. १७ एप्रिल १९६४ ला मस्टँग बाजारात आली, त्याआधी डीलरांकडे नुसत्या दाखवायला गाड्या पाठवल्या होत्या, आणि पार तिकडे कॅनडात न्यूफाउंडलंडच्या डीलरने ही पहिलीच गाडी स्टॅन्ली टकर नावाच्या पायलटला विकून टाकली. फोर्डने मग मागे लागून लागून १९६६ मध्ये ती परत घेतली आणि बदल्यात त्याला दहा लाखावी मस्टँग दिली. दोन वर्षांत दहा लाख, विचार करा! जवळ जाऊन बघितली तर गाडी किती छोटी वाटते, बॉनेट लांब, डिकी आखूड, दाराच्या मागे पत्र्याला ती एक खोबण, आणि मागे तीन-तीन पट्ट्यांचे लाल दिवे. बाहेर पार्किंगमध्ये आमची भाड्याची उभी होती तिलाही तेच तीन-तीन पट्ट्यांचे दिवे.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९७० चा क्लीन एअर अॅक्ट, म्हणजे गाड्यांच्या धुरावर बंधनं घालणारा कायदा आला, इन्शुरन्सवाल्यांनी तरुण पोरांच्या व्ही-एट गाड्यांचे हप्ते वाढवले, आणि १९७३ मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं. पंपावर रांगा. बरोब्बर त्याच वेळी होंडा सिव्हिक, टोयोटा, डॅटसन तयारच होत्या, छोट्या, स्वस्त, पेट्रोल कमी पिणाऱ्या आणि मुख्य म्हणजे सकाळी चालू होणाऱ्या. १९७४ च्या मस्टँगमध्ये तर व्ही-एट मिळतच नव्हतं. त्याच वर्षी मस्टँगची स्पर्धक डॉज चॅलेंजर बंद झाली, आणि कहर म्हणजे १९७८ ला डॉजने चॅलेंजर हे नाव परत आणलं ते मित्सुबिशीच्या जपानी गाडीवर चिकटवून! म्हणजे हरले ते हरले आणि वर जिंकणाऱ्यालाच आपलं आडनाव देऊन मोकळे.

शनिवारी पहाटे निघून वुडवर्डवरच्या रॉयल ओकला खुर्च्या टाकल्या. फुटपाथच्या कडेला मैलोन् मैल फोल्डिंगच्या खुर्च्या, आइसबॉक्स, आजीआजोबा, कडेवरची पोरं, आणि समोरून गाड्या चाललेल्या, चाललेल्या म्हणजे काय रांगत, कारण गर्दीच एवढी असते की आठशे हॉर्सपॉवरवाला पण पायी चालणाऱ्याच्या मागे. जुन्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो त्यामुळे अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा एक गोडसर वास दिवसभर नाकात बसतो, डोकं चढतं. आवाजाचं विचारूच नका. मोठ्या कॅमशाफ्टची (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) व्ही-एट जागेवर उभी चालू असली की एकसारखी चालत नाही, अडखळते, थबकते, परत गुरगुरते, आणि उभ्या गाडीचं बॉनेट हललेलं दिसतं. मध्येच कुणी टायर जाळले की पब्लिक ओरडतं आणि पुढच्या सिग्नलला पोलीस पावती फाडतात, दोघंही खूष.

एका पार्किंगमध्ये दोन चॅलेंजर शेजारी-शेजारी लावल्या होत्या, एक १९७० ची आणि एक नवीन पिढीतली, दोन्ही त्याच भडक जांभळ्या रंगाच्या. प्लम क्रेझी म्हणतात त्या रंगाला, १९७० चाच रंग, नव्या गाडीसाठी कंपनीने परत काढला. मी अर्धा तास तिथेच. जुनीच्या खाली आरसे ठेवले होते, पोट दिसावं म्हणून. समोरचे चार गोल दिवे सारखे, मागचा आडवा दिवा सारखा, मागच्या चाकावर पत्र्याला जो फुगवटा आहे तोही सारखा, पण नवी गाडी सगळीकडून वाढलेली, उंच, रुंद, वजनाला १८०० किलोच्या वर, आणि खिडकी इतकी वर की कोपर बाहेर टाकून बसायचं म्हटलं तर खांदा दुखेल. मालक काका सत्तरीपुढचे, मऊ फडक्याने नसलेली धूळ पुसत होते. नव्या गाडीत जर्मन माल आहे म्हणाले, डॉजची मालक क्रायस्लर तेव्हा मर्सिडीजच्या घरात नांदत होती ना, त्यामुळे सस्पेन्शनचं बरंचसं काम तिकडून आलेलं, आणि गाडी जोडली कॅनडात ब्रॅम्प्टनला. मी विचारलं मग रोज कुठली चालवता? "कोरियन," म्हणाले, "बायकोने निवडली, सीट गरम होते." आणि परत पुसायला लागले.

मला ह्या सगळ्या प्रकरणातली गंमत ही वाटते. रेट्रोची, म्हणजे नव्या गाडीला जुना चेहरा द्यायची, लाट आली २००५ च्या मस्टँगने, पुढे चोच काढलेली ग्रिल, बाजूची खोबण, तीन पट्ट्यांचे दिवे, सगळं १९६७-६८ ला आठवून काढलेलं, डिझाईनप्रमुख जे. मेज आणि चीफ इंजिनिअर हाऊ थाय-तांग, जो व्हिएतनाममधल्या सायगॉनला जन्मलेला, १९७५ मध्ये निर्वासित म्हणून अमेरिकेत आला. बेस मॉडेल वीस हजार डॉलरच्या आत, जीटीला ३०० हॉर्सपॉवरची व्ही-एट, मागचा अॅक्सल मात्र पैसे वाचवायला जुन्या पद्धतीचा एकसंध ठेवला. पहिल्या पूर्ण वर्षात दीड लाखाच्या वर विकली. मग २००८ ला चॅलेंजर, २००९ ला शेव्हरोलेची कमॅरो. कमॅरोचा सांगाडा ऑस्ट्रेलियातल्या होल्डनने केलेला, जोडणी कॅनडात, बाहेरचं डिझाईन सांगयुप ली ह्या कोरियन माणसाचं. आणि टायमिंग बघा, त्याच २००९ मध्ये जीएम (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मालक) आणि क्रायस्लर दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली! घर बुडत होतं आणि हे दारात चाळीस वर्षांपूर्वीचं तोरण बांधत होते.

पण तोरणच टिकलं की राव. जपान्यांच्या कॅमरी-कोरोलाशी आणि अकॉर्डशी बरोबरी करायची म्हणून ह्या अमेरिकन कंपन्यांनी जेवढ्या शहाण्यासुरत्या गाड्या काढल्या त्या एकेक करून गेल्या. २०१८ मध्ये फोर्डने जाहीर करून टाकलं की अमेरिकेत फिएस्टा, फोकस, फ्युजन, टॉरस सगळं बंद, एसयूव्ही आणि पिकअप सोडल्यास गाडी म्हणून एकच ठेवणार, मस्टँग. ह्याचं कारण मला साधं वाटतं. स्वस्त, टिकाऊ, चांगलं अॅव्हरेज देणारी गाडी दुसरा देश तुमच्यापेक्षा चांगली करू शकतो, पण १९६९ साली तुमच्या काकाने वुडवर्डवर कोणाला हरवलं ही आठवण टोयोटाला करता येत नाही. ह्युंदाईने जेनेसिस कूप आणली होती, मागच्या चाकांना ताकद, मस्टँगशी टक्कर देणारी, गाडी वाईट नव्हती, २०१६ ला बंद. अर्थात नुसतं जुनं दाखवून पण भागत नाही हं, फोर्डनेच मस्टँगच्या आधी रेट्रो थंडरबर्ड काढली होती, चार वर्षांत गुंडाळली. आणि जीएमच्या पाँटिअॅक ब्रँडने जीटीओ हे मोठं नाव ऑस्ट्रेलियन गाडीवर लावलं, चेहरा जुना ठेवायचाच विसरले, ती पण गेली आणि मग ब्रँडच गेला. वुडवर्डच्या वरच्या टोकाला पाँटिअॅक गावात जीएमच्या जुन्या जागेवर आता हौशी लोकांचा रेस ट्रॅक आहे.

रविवारी परतताना मित्राने मुद्दाम वाकडी वाट करून फ्लॅट रॉकला नेलं. डेट्रॉइटच्या खाली, आय-७५ हायवेवरून मोठ्ठी पांढरट शेड दिसते, आत जायची परवानगी नसते. मस्टँग इथे बनते. आता हा कारखाना कोणाचा, तर १९८७ मध्ये माझदाने अमेरिकेत गाड्या करायला सुरू केलेला! आणि ऐंशीच्या दशकात फोर्डने ठरवलंच होतं की मस्टँग जुनाट झाली, तिच्या जागी माझदाच्या सांगाड्यावर पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी आणायची. बातमी फुटली, लोक इतके भडकले, पत्रांचा असा पाऊस पडला की कंपनीने माघार घेतली, ती माझदावाली गाडी प्रोब नावाने विकली आणि ती ह्याच फ्लॅट रॉकला तयार झाली. प्रोब आज कोणाला आठवते? मस्टँग २००४ ला डिअरबॉर्नहून इथे राहायला आली, बरीच वर्षं शेजारी माझदा सिक्स बनत होती, २०१२ पासून सगळा कारखाना फोर्डकडे. कुंपणाबाहेर उभं राहून मित्र म्हणाला, "आमच्याकडे उलटं झालं बघ." त्याचं बरोबर आहे. तळेगावला जीएमचा कारखाना होता, शेव्हरोले बनायच्या, २०१७ संपता संपता त्यांनी भारतातली विक्री थांबवली, आणि कारखाना शेवटी घेतला ह्युंदाईने. मस्टँग आपल्याकडे २०१६ मध्ये ६५ लाखाला आली होती, पुढे २०२१ ला फोर्डनेच भारतातलं उत्पादन बंद करायचा निर्णय घेतला.

तो कमॅरोवाला सांगयुप ली पुढे ह्युंदाईच्या डिझाईनचा मुख्य झाला. २०२२ मध्ये त्यांनी एन व्हिजन ७४ नावाची कन्सेप्ट गाडी दाखवली, कशावरून, तर १९७४ च्या त्यांच्याच पोनी कूपवरून. म्हणजे आता कोरियनांकडेही जुन्या आठवणी आहेत विकायला. इकडे कमॅरो आणि चॅलेंजर दोन्ही २०२३ च्या शेवटी बंद पडल्या, चॅलेंजरने जाता जाता १०२५ हॉर्सपॉवरची डीमन काढली. डॉजने नंतर चार्जर नावाची इलेक्ट्रिक गाडी आणली, तिला व्ही-एटसारखा आवाज काढणारं यंत्र लावलं, वुडवर्डवर एक दिसली आणि खुर्चीतले आजोबा लोक तिच्याकडे बघून नुसते हसत होते. मला ती बरी वाटली खरं तर, पण तिथे बोलायची हिंमत झाली नाही. मस्टँगचं सांगायचं तर २०२४ मध्ये पन्नास हजारही विकली गेली नाही, आणि बेसची किंमत तीस हजार डॉलरच्या पुढे गेलेली, त्यात कोरियन एसयूव्ही आरामात येते, सीट गरम होणारी.

कुणाला जायचं असेल तर शनिवारची वाट बघू नका, गुरुवार-शुक्रवारपासूनच गाड्या फिरायला लागतात आणि तेव्हा मालक निवांत बोलतात. वुडवर्डवर डावीकडे थेट वळता येत नाही, पुढे जाऊन डिव्हायडरच्या कटमधून यू-टर्न घ्यायचा, मिशिगन लेफ्ट म्हणतात, गर्दीत अर्धा तास जातो त्यामुळे गाडी साईडच्या गल्लीत दूर लावून चालत यावं. खुर्ची, टोपी, पाणी घरून न्या. शाकाहारी असाल तर डिअरबॉर्नला अरब लोकांची हॉटेलं भरपूर आहेत, फलाफल झकास आणि पोटभर. आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर काउंटरवर बॉनेट उघडायला लावा, सिलिंडर किती ते स्वतः विचारा, आणि मागे कोणाला बसवणार आहात ते आधीच ठरवा. वहिनी अजून बोलून दाखवतात.