प्रॉम्प्टरशिवायचं पहिलं वर्ष

देवगड तालुक्यातली आमची वाडी, माघी गणेशजयंतीला देवळापुढे नाटक आणि निम्म्या संचाचा मुक्काम डोंबिवली-नालासोपाऱ्याला. एवढं सांगितलं की कोकणातल्या हौशी मंडळवाल्यांना बाकीचं सांगावं लागत नाही. यंदा आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रॉम्प्टर काढला आणि बायकांच्या भूमिका वाडीतल्याच बायकांना दिल्या. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा सोपी गेली.

प्रॉम्प्टर काढायचं कारण आवाज. पूर्वी तो विंगेत बॅटरी घेऊन बसायचा, दबक्या आवाजात वाक्य पुरवायचा आणि नट ते उचलायचा. मग वरून टांगलेले माईक आले. नाटक उघड्यावर, समोर पोरांचा गोंगाट, त्यामुळे साउंडवाला आवाज चढवून ठेवतो. झालं असं की प्रॉम्प्टरचं वाक्य नटाच्या आधी मागच्या रांगेत पोचायला लागलं. गेल्या वर्षी ऐन मरणाच्या प्रवेशात स्पीकरमधून "अरे रड, रड आता" असं स्वच्छ ऐकू आलं. मयताच्या चादरीखालचं पोट हलताना सगळ्यांनी पाहिलं.

पावसाळ्यात संहिता ठरली. इथे एक गोष्ट लक्षात आली, ती इतर मंडळांनीही तपासून बघावी. आजवर आम्ही नायिकेसाठी बाहेरून नटी आणत होतो. ती नाटकाच्या आदल्या दिवशी येणार, एक तालीम करणार, नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन घेऊन जाणार. त्यात तिची चूक काही नाही, एका मोसमात ती बिचारी कितीतरी गावं करते. पण त्यामुळे तिला पाठ असलेलीच नाटकं आमच्या वाट्याला यायची. निवड आमची आहे असं आम्ही समजत होतो, ती नटीच्या पाठांतराची होती. वाडीतल्या बायका उभ्या राहणार म्हटल्यावर पहिल्यांदाच नवी संहिता घेता आली. विषय सामायिक घराचा आणि सातबाऱ्याचा, म्हणजे वाडीत कोणाला समजावून सांगायला नको असा. लेखकाचं परवानगीपत्र आणि संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आधी हातात घेतलं, मगच झेरॉक्स काढल्या. जी मंडळं हे शेवटच्या आठवड्यावर ठेवतात त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

गणपतीत वाचन झालं, तेही दुपारी, कारण रात्री भजनं. सगळा संच एका जागी बसण्याची वर्षातली ही एकच हमखास वेळ. भूमिकावाटप तिथेच उरकलं आणि नेहमीप्रमाणे दोघं रुसले.

तालमीची जागा हा मोठा प्रश्न निघाला. आजवर तालीम देवळाच्या सभामंडपात व्हायची. बायका आल्या म्हटल्यावर महिन्यात कोणी ना कोणी चार दिवस देवळात येणार नाही, हे उघड होतं, पण बैठकीत कोणी बोलेना. शेवटी आमच्या अंगणवाडीच्या बाईंनीच विषय काढला, "तालीम शाळेच्या व्हरांड्यात घेवया, थंय फॅन पण आसा." फॅनच्या नावावर ठराव पास झाला. वेळ संध्याकाळची साडेपाच ते सात. रात्री जेवल्यावर अकरापर्यंत चालणाऱ्या तालमीत निम्मा वेळ विड्यात आणि गजालीत जायचा, हे पुरुषांना तेव्हा कळलं.

आता पाठांतर. आमची सगळी पिढी दशावतार बघत वाढली. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान आधी ठरतं, कोण कोणाशी कुठे भिडणार ते बोलून घेतात आणि बाकी संवाद नट रंगमंचावर तिथल्या तिथे रचतो. पायपेटी आणि पखवाजाच्या साथीला एक बाकडं असलं की दरबारही उभा राहतो आणि अरण्यही. हे कौशल्य लहान नाही. पण लिखित नाटकात त्याचा त्रास होतो. थोरल्या भावाची भूमिका करणारे आमचे काका नाटक बसवणाऱ्या मास्तरांना पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तरांनू, माका पुस्तक नको. गोष्ट सांगा फक्त, बाकीचा मी बघतंय." आणि ते खरंच बघतात. अडचण समोरच्याची होते. त्याला वाक्य उचलायला शेवटचा शब्द हवा असतो, आणि काकांचा शेवटचा शब्द रोज वेगळा.

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, यावरच चर्चा पेटली. काकांचं म्हणणं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पदं सूत्रधार गायचा आणि नट त्यावर आपापल्या मनाने बोलायचे. मग आम्हीच का पाठ करायचं? मुद्दा बिनतोड होता. मास्तरांनी भाव्यांना नमस्कार केला आणि काकांना पहिला अंक पाठ करायला सांगितला.

उपयोगी पडलं ते असं. प्रत्येक प्रवेशाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. ज्याची भूमिका, त्याच्या वाक्यांच्या जागी तेवढीच शांतता सोडली. मुंबईकरांनी ते लोकलमध्ये कानात घालून पाठ केलं. बायकांनी भाकऱ्या थापताना फोन चुलीशेजारी ठेवला, आणि त्यांचं पाठांतर सगळ्यांत आधी झालं, स्वतःचंच नाही तर समोरच्याचंही. काकांना रेकॉर्डिंग मानवेना. त्यांच्यासाठी वेगळी तडजोड झाली. मधलं काहीही बोला, पण प्रत्येक वाक्याचे शेवटचे तीन शब्द पुस्तकातले. ते त्यांनी पाळलं. पाठांतराबद्दल यंदाचा एवढाच एक शोध मी छातीठोक सांगेन. शेवट पक्का असला तर वाक्य मध्ये हललेलं चालतं.

डिसेंबरात तालमी ढेपाळल्या. हापूसला मोहर आला की फवारणीपुढे नाटक कोण बघतो? त्यात जत्रांचे दहीकाले, म्हणजे रात्रभर चालणारी दशावतारी नाटकं, म्हणून रात्री जागरण आणि सकाळी पंप पाठीवर. या दिवसांत उभ्या तालमी ठेवण्याचा हट्ट मंडळाने सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही तेवढ्यात नेपथ्य उरकलं. भाड्याचे रंगवलेले पडदे बंद केले, त्याऐवजी प्लायचे फ्लॅट म्हणजे उभ्या करायच्या भिंती, एक खरा दरवाजा आणि ओटीसाठी एक लेव्हल म्हणजे उंचवटा.

प्रकाशयोजनेचं थोडक्यात सांगतो. हजार वॅटचे हॅलोजन आणि त्यावर जिलेटिन पेपर हा जुना प्रकार जाऊन भाड्याने एलईडी पार, म्हणजे रंगमंचाचे एलईडी दिवे, आणले. एकेक पार शे-दीडशे वॅटचा, त्यामुळे जनरेटर लागला नाही. जनरेटरची घरघर गेल्यावर टांगलेले माईक खाली आणता आले. फूट माईकच्या, म्हणजे रंगमंचाच्या कडेला खाली ठेवलेल्या माईकच्या, स्टँडखाली घडी घातलेलं पोतं ठेवा. फळ्यांवर पाय आपटला की येणारा दणका बराच कमी होतो.

वेळेचं गणित मात्र कडक. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते ती सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशी, आणि आमचा दिवस त्यात नव्हता. दहाला नांदी आणि पहाटे भरतवाक्य हा जमाना गेला. तीन अंकांचे दोन केले, साडेसातला तिसरी घंटा. महाप्रसाद नाटकाआधी की नंतर यावर झालेला वाद नाटकापेक्षा लांब चालला.

प्रयोगात दुसऱ्या अंकात काकांनी तीन शब्द बरोबर पकडले, पण दोन पानं पुढचे. नाटकात सातबाऱ्याचा कागद सापडण्याआधीच त्यांनी घरवाटणी सुरू केली. विंगेत कोणी नाही. धाकटी बहीण करणाऱ्या अंगणवाडीच्या बाई क्षणभर थांबल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "दादा, सातबारो खंय आसा तां आदी सांग, मगे घराचा बघूया." हे वाक्य संहितेत कुठेच नाही. काका ताबडतोब ताळ्यावर आले. लाइटवाल्या पोराचे दोन क्यू मागेपुढे झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच बक्षिसाची चिठ्ठी आली. प्रवेश थांबवून बक्षीस पुकारायचं नाही असं यंदा ठरलं होतं. ते मात्र पाळता आलं नाही, देणारे गावचे मानकरी होते.

हिशेब जमला. वर्गणीतून थोडी शिल्लक राहिली, त्यातून चार फ्लॅट मंडळाचे झाले. ते ठेवायचे कुठे हा प्रश्न अजून लोंबकळतोय, कारण पावसात शाळेची कौलं गळतात. पुढच्या वर्षी रत्नागिरी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरावं असं पोरांना वाटतंय. तिथे काकांचं काय करायचं यावर मास्तर अजून काही बोललेले नाहीत. आंबा उतरला की पुढची बैठक. टेबलावर तीन संहिता आहेत आणि बायकांनी एक अट घातली आहे, पुढच्या नाटकात रडायचा एकही प्रवेश नको.